पहिला शब्द नानांचा

रवि. ७ जाने. २००७

सकाळी नानांकडे बैठक. सीडी ऐकली आणि तोंड कडू झालं.

बाईंचा ललत राग. आमच्या बैठकीत बाई म्हटलं की एकच गायिका. मूळ रेकॉर्ड मला पाठ आहे, बाई श्वास कुठे घेतात तेसुद्धा. रेकॉर्ड कंपनीने ती आता 'नवी करून' सीडीवर काढली. तंबोरा पुसून टाकलाय. त्याच्या जागी विहिरीत उभं राहून गायल्यासारखा घुमारा. सारंगीवर कुणीतरी रंधा मारलेला. वर कव्हरावर कमळ आणि पाण्याचा थेंब. बाईंचा फोटोसुद्धा नाही.

नानांच्या बैठकीचा नियम जुना. बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि संपल्यावर पहिला शब्द नानांचा. आज त्यांनी मध्येच हात वर केला. केदारने सीडी थांबवली.

"हे काय आहे?"

"मामा, रीमास्टर केलंय. ट्वेंटी-फोर बिट."

"चोवीस असो नाही तर चाळीस. तंबोरा कुठे गेला?"

"नॉइज म्हणून फिल्टर झाला असेल."

"असं होय. मग पुढच्या खेपेला बाईपण जातील."

पेंडसे हसले. पेंडसे टपाल खात्यातून निवृत्त. नाना हसले की हसतात, नाना गप्प की गप्प. मी तरी कुठे वेगळा आहे. केदार हा नानांचा भाचा, हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत. त्याला राग कळत नाहीत, वायरी कळतात. कुठल्या वायरीतून आवाज 'उबदार' येतो यावर तो बोलायला लागला की मी खिडकीतून खालचं तांबटाचं दुकान बघत बसतो.

मग नानांनी मूळ रेकॉर्ड लावली. ती ऐकून तोंड धुतल्यासारखं झालं. आवाज मात्र फार मोठा ठेवला होता.

बुध. १० जाने.

कामावरून, आमच्या कंपनीतून परत येताना डेक्कनवरच्या दुकानात डोकावलो. शास्त्रीय संगीताचं कपाट आता रिंगटोनच्या काउंटरमागे, झाडूच्या शेजारी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, कुठल्या मूडसाठी पाहिजे?" मी म्हटलं, मूडसाठी नको, ऐकायला पाहिजे. तिने तीन सीड्या पुढे केल्या. एक सकाळची, एक ताण घालवायची, एक गरोदर बायकांची. तिन्हींत तीच बासरी.

एका सीडीवर भैरवी पहिली. तिच्यानंतर यमन, मग भूप. म्हणजे पाहुणा दारात आला की त्याला आधी पोचवायला निघायचं आणि मग या बसा म्हणायचं. भैरवीनंतर गाणं नाही, हे पुण्यात येऊन शिकावं लागलं नाही मला. आमच्या गावात मारुतीच्या देवळात भजनाची भैरवी झाली की बुवा पेटीचा भाता बांधायचे. मग कुणी कितीही आग्रह करो.

काही घेतलं नाही. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. तोही गोडमिट्ट.

रवि. १४ जाने.

संक्रांत. वहिनींनी (नानांच्या सूनबाई) तिळगूळ दिला. नाना म्हणाले, "गोड बोला वगैरे ठीक आहे, आधी गप्प बसा." आणि पंडितजींची तोडी लावली.

ही तोडी म्हणजे नानांच्या घरातलं देवघर. एका बाजूला तोडी, दुसऱ्या बाजूला भैरवी. गाव सोडून पुण्यात आलो तेव्हा याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत सहा जण राहायचो, प्रत्येकाला एक कॉट. वरून हे गाणं यायचं. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. एके दिवशी वरून दार उघडलं. "जिन्यात उभं राहून फुकट ऐकण्यापेक्षा आत बसून फुकट ऐका." ते नाना. छापखान्यात मुद्रितं तपासायचे, दुसऱ्याची चूक शोधण्यात आयुष्य गेलेलं. मला रागाचं नाव विचारलं. मी म्हटलं, काकड्याला आमच्याकडे असं काहीतरी म्हणतात. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. ऐकू येतंय तुम्हाला."

एवढं मोठं वाक्य माझ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही.

आज बाजू संपल्यावर पहिला शब्द: "सुई गेली." नाना म्हणाले आवाज आत ओढल्यासारखा येतोय. पेंडसे म्हणाले, "हो, जरा आतच." मीही मान हलवली. मला तर ठीक वाटली होती. मोठी फक्त. फार मोठी. वरच्या मजल्यावरचे जोशी दार वाजवून गेले.

"सणाच्या दिवशी गाणं सहन होत नाही लोकांना," नाना म्हणाले. "फटाके चालतात."

शुक्र. १९ जाने.

सुई पुण्यात मिळत नाही. बुधवार पेठेत दोन दुकानं फिरलो. एकाने विचारलं, "रेकॉर्ड? भिंतीवर लावायला का?" त्याच्याकडे रेकॉर्डची घड्याळं होती. मधल्या भोकात काटे बसवलेले. कुणाच्या तरी गळ्यावर काटे फिरतायत. तिथून निघालो.

शेवटी केदारला फोन केला. तो म्हणाला, "काका, नो प्रॉब्लेम, नेटवरून मागवतो." त्याचे उपकार घ्यायचे म्हणजे जिवावर येतं. नानांसाठी घेतले.

सौ. म्हणाली, "त्या पोराचं काय वाईट आहे? तुमच्यासारखं तोंड आंबट नाही एवढंच ना?"

रवि. २८ जाने.

नवी सुई. केदारने बसवली, नाजूकपणे, हे कबूल करायला हवं. तोडी लावली.

इतकी स्वच्छ मी ती कधी ऐकली नव्हती. पहिल्याच आलापात तीव्र मध्यम आला आणि अंगावर काटा उभा राहिला. मागे तंबोऱ्याच्या जवारीचा झंकार, तबल्यावर बोट घासल्याचा आवाज, सगळं. मनातल्या मनात हात जोडले.

बाजू संपली. आम्ही नानांकडे बघत बसलो.

"फरक नाही," नाना म्हणाले. "म्हणजे सुई नव्हे. रेकॉर्डच झिजली."

 मग पेंडसे: "झिजणारच हो. किती वर्षं झाली." नानांनी माझ्याकडे बघितलं.

"काय इंगोले?"

"हो," मी म्हटलं. "जरा झिजलीय."

का म्हटलं? त्यांच्या आधी वेगळं बोलायची सवय नाही म्हणून. केदार तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला. घरी येताना बसमध्ये स्वतःचीच शिसारी आली. देवळात बसून खोटं बोलल्यासारखं.

गुरु. १ फेब्रु.

जपाला बसलो, मन लागेना.

रेकॉर्ड झिजलेली नाही. सुई नवी. मशीन ठीक. मग उरलं काय?

हा विचार इथेच थांबवतो.

आमच्या कंपनीच्या फोनवर आता थांबायला लागलं की कसलीशी धून वाजते. आज पुरवठादाराशी बोलायला थांबलो होतो, ती धून ऐकता ऐकता लक्षात आलं की ती भूपाची आहे. मोडून, चेचून, घंटीत भरलेला भूप. स्टोअरमधले सगळे गुणगुणतात. मी फोन दूर धरतो.

शनि. ३ फेब्रु.

केदारच्या घरी, बाणेरला. सुईच्या बदल्यात त्याचं मशीन ऐकायला या म्हणून मागे लागला होता. अकराव्या मजल्यावर घर. स्पीकर माणसाएवढे. समोर एकच खुर्ची, बरोबर मध्यभागी. बायकोने ऐकायचं तर उभं राहून.

आधी काच फुटल्याचा आवाज ऐकवला. मग पाऊस. मग घोडे.

"बघा काका, घोडा लेफ्टकडून राइटला गेला."

"गेला."

"कळलं ना?"

"कळलं. आता परत येणार का?"

त्याला राग आला नाही, हसला. मग सीडी बंद करून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, मामाला ऐकू येत नाहीये. तुम्हाला माहितीये. पेंडसेकाकांना माहितीये. कानांची तपासणी, ऑडिओमेट्री करायला पाहिजे. कानाला मशीन बसवलं तर होपफुली बरंच परत येईल. लवकर केलं तर."

मी म्हटलं, "नानांना? ज्यांना तंबोऱ्याची एक तार उतरलेली जिन्यातून कळते त्यांना?"

"कळायची," तो म्हणाला.

उठलोच. चहाही घेतला नाही. त्याच्या सरळ बोलण्याचा मला इतका संताप का आला, याचा बाणेरहून धायरीला घरी येताना दोन बस बदलेपर्यंत विचार केला. ज्याला तोडी आणि भैरवी यांतला फरक कळत नाही त्याने हे बोलावं. आणि खरं बोलावं.

सात तारखेच्या ललताचं आठवलं. नानांनी विचारलं, तंबोरा कुठे गेला? तो खरंच गेला होता म्हणून आम्हाला वाटलं, काय कान आहे. नंतर मूळ रेकॉर्ड लावली तेव्हा त्यांना तो सापडला होता का? कुणी विचारलं नाही. पहिला शब्द त्यांचा.

रवि. ११ फेब्रु.

आज जे झालं ते लिहून ठेवतो, नाही तर उद्या मीच ते नाकारीन.

नानांनी तोडी लावायला घेतली. रेकॉर्डला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लेबल ते बघत नाहीत. पहिली बाजू वर ठेवूनच पाकिटात सरकवायची सवय, डोळे मिटून काढली तरी बरोबर लागते. गेल्या रविवारी भैरवीवर बैठक संपली तेव्हा बाजू उलटायची राहिली असावी.

सुई टेकली. भैरवी सुरू झाली.

सकाळी नऊला, पहिलीच. मी पेंडश्यांकडे बघितलं, ते माझ्याकडे. आता थांबवतील, हसतील, म्हणतील म्हातारा झालो. नाना डोळे मिटून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेका धरत होता, आणि तो ठेका समोर वाजणाऱ्या तबल्याचा नव्हता. तोडीचा होता. विलंबित, एकताल, जसाच्या तसा. ते आतली तोडी ऐकत होते.

आम्ही तिघं पूर्ण बाजू बसलो. बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. केदारलासुद्धा काहीतरी चुकतंय हे कळलं होतं, तो फरशीकडे बघत होता.

सुई उचलली. पहिला शब्द:

"मध्यम सापडलाच नाही. तोडीचा तीव्र मध्यम, तोच झिजलाय. बाकी मग राहिलं काय?"

भैरवीत तो नसतोच, सापडेल कसा.

पेंडसे म्हणाले, "हो ना."

मी या वेळी मान हलवली नाही. आणि नाना उठून पुढची रेकॉर्ड काढायला लागले, बिलावल. भैरवी झालेली. भैरवीनंतर त्या खोलीत इतक्या वर्षांत एक सूर लागलेला नाही. ते मला बघवेना. समोर जाऊन उभा राहिलो (समोरून बोललं की त्यांना सगळं कळतं, हेही आजच ध्यानात आलं) आणि म्हटलं, "नाना, आज निघतो. सौ.ला दवाखान्यात न्यायचंय."

"मलाही जायचंय," पेंडसे माझ्या शेजारी येऊन म्हणाले.

"तुम्ही कुणाला नेताय? तुमची तर जाऊन सहा वर्षं झाली," नाना म्हणाले.

 पेंडसे चपला घालायला लागले. नानांनी बिलावल परत पाकिटात घातली, हळूहळू, कोपरे जुळवून. "जा," म्हणाले. "झिजलेलं ऐकून तुम्ही तरी काय करणार."

जिन्यात वहिनी मागोमाग आल्या. आवाज दाबून बोलल्या. "भाऊजी, तुम्ही सांगा ना त्यांना. ह्यांनी एकदा विषय काढला तर आठ दिवस जेवायला आमच्यात बसले नाहीत. म्हणाले, माझ्या कानाबद्दल बोलायचा अधिकार ज्याला गाणं कळतं त्यालाच. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, बघतो.

बघतो. हा आमचा पुरुषांचा शब्द. किळस आली.

मंगळ. १३ फेब्रु.

गावची पेटी आठवली. तिचा एक सूर मुका होता, दाबला तरी नुसता वारा यायचा. दुरुस्तीला कुणी नेली नाही. भजनात ती जागा आली की सगळे गळ्यानेच तो सूर भरून काढायचे, इतके सवयीने की बाहेरच्या माणसाला कळायचंही नाही. लहानपणी मला ते फार आवडायचं. वाटायचं, देवाला काय, गळ्यातून गेला काय नि पेटीतून गेला काय.

आम्ही तिघं नानांचा सूर तसाच भरत बसलोय, असं आज स्वतःला समजावलं. दोन मिनिटं पटलं. देवळात सगळे मिळून खरा सूर लावायचे. आम्ही सगळे मिळून खोटा लावतोय.

शुक्र. १६ फेब्रु.

महाशिवरात्र. उपास. समोरच्या सोसायटीत पहाटेपासून शंकराची गाणी, सिनेमाच्या चालीवर, खाली ढुम ढुम. खिडक्यांच्या काचा हलतायत. भक्तीत यांना एवढं ढोलकं कशाला लागतं कळत नाही. देव काय बहिरा

हे वाक्य अर्धंच सोडतो.

दुपारी नानांचा फोन. नाना फोनवर बोलतात, ऐकत नाहीत. बोलून झालं की ठेवतात. आम्ही इतकी वर्षं त्याला तऱ्हेवाईकपणा म्हणत आलो.

"इंगोले, मी ठरवलंय. रेकॉर्डी संपल्या. सगळ्या लावून बघितल्या, एकीतही काही उरलं नाही. रद्दीवाला घड्याळं करायला नेईल, त्यापेक्षा तुम्ही न्या. मशीनही न्या. तुम्ही देवभोळे आहात, टाकणार नाही. पुढच्या रविवारी टेंपो घेऊन या." ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून उभा. आणि पहिली भावना आनंदाची होती. लिहितो तसंच. बाईंचा ललत माझा. तोडी माझी. ती सगळी पाकिटं, त्यांचा वास, माझ्या घरात. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला तर पिंडीच्या जागी रेकॉर्ड दिसायला लागली.

मी 'झिजलीय' म्हटलं तेव्हा हे मनात होतं का? नव्हतं. नक्की नव्हतं. पण आता कुणाला पटवू?

सौ.ला सांगितलं. चिडली की तिच्या तोंडी गावची बोली येते. "कायले आणता? दोन खोल्या हायेत. आन् त्या मानसाले ऐकू येत नाई म्हून त्याचं गानं उचलून आनाचं?"

मी म्हटलं, ते स्वतः देतायत.

"मंग सांगा ना त्याईले का रेकॉर्ड चांगल्या हायेत. तरी देतीन तर आना."

साबुदाण्याची खिचडी तशीच झाकून ठेवली.

रवि. २५ फेब्रु.

आणल्या.

सांगणार होतो. टेंपो परस्पर तिकडे बोलावला होता, मी स्वारगेटपासून चालत गेलो, मनात वाक्य जुळवत. वर गेलो तर नानांनी सगळं बांधून ठेवलेलं, जुन्या धोतरांत. प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी. केदारही आला होता. खाली टेंपोपाशी त्याने मला बाजूला घेतलं. मला वाटलं म्हणेल मला हव्या होत्या. तो म्हणाला, "काका, मला त्या नकोयत. मला मामाला ऐकू यायला हवंय. तुम्ही या घेतल्या की मामाला पटलं, की रेकॉर्डच गेल्यात. मग तो डॉक्टरकडे कधीच जाणार नाही."

त्याच्या डोळ्यात पाणी होतं. माझ्या नव्हतं.

सगळं एवढं उघड आहे. सांगितलं तर नानांचा कान गेला हे नानांना माझ्या तोंडून कळणार. त्या माणसाजवळ दुसरं काही नाही. नाही सांगितलं तर ते रिकाम्या कपाटासमोर बसून जग झिजलं असं समजत राहणार, आणि जे थोडं परत येऊ शकतं तेही जाणार. आणि रेकॉर्ड माझ्याकडे राहणार. हे शेवटचं वाक्य मधे नसतं तर मी केव्हाच सांगितलं असतं, किंवा केव्हाच गप्प बसलो असतो. आता जे करीन त्याला वास येणार.

दुपारी एकटा असताना तोडी लावली. आवाज अगदी लहान. मध्यम आला, जागच्या जागी, कुठेही ओरखडा नाही. अर्ध्यातच सुई उचलली. चोरीचा प्रसाद खाल्ल्यासारखं झालं.

बुध. २८ फेब्रु.

कंपनीतून परस्पर नानांकडे गेलो. वार बुधवार, तर नाना म्हणाले, "आज काय विसरलात?"

कपाट रिकामं, मशीनच्या मागच्या भिंतीवर फिकट चौकोन. नाना खिडकीत बसून जुना दिवाळी अंक वाचत होते, हातात तांबडी पेन्सिल. अजूनही चुका काढतात. खाली तांबट भांडं ठोकत होता. पूर्वी ते म्हणायचे, याचा हात आज काळी दोनच्या पट्टीत आहे. आज मान वर केली नाही.

"बरं वाटतंय," म्हणाले. "शांत."

मी समोर बसलो. मग त्यांनी अंक मिटून विचारलं, "तोडी लावलीत?"

"लावली."

"मध्यम सापडला का?"

माझ्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मला वाटलं यांना सगळं माहीत आहे. मग वाटलं नाही. मुद्रितातली चूक दिसत असते पण बोट ठेवायचं धाडस होत नाही, तसा चेहरा होता.

मी मान खाली घातली आणि म्हटलं, "सापडला, नाना."

"काय?"

मी मान खालीच ठेवली.

"मोठ्याने बोला इंगोले. हल्ली सगळेच पुटपुटतात. आमच्या घरातसुद्धा. अक्षरं खायची फॅशन आलीय."

स्वैपाकघराच्या दारात वहिनी थांबल्या होत्या, हातात चहाचे कप. त्यांनी ऐकलं होतं. मी पहिल्यांदा म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. मी वर बघितलं, तोंड उघडलं, आणि म्हटलं, "चहा आला."

"ते दिसतंय मला," नाना म्हणाले.

चहा प्यायलो. जिना उतरलो. कधी काळी ज्या पायरीवर उभा राहून ऐकायचो तिथे थांबलो. वरून काही येत नव्हतं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. आणि राग कुणाचा धरायचा तर सीडीवाल्यांचा धरता येत नाही, घड्याळवाल्यांचा नाही, सोसायटीच्या ढुम ढुमचा नाही. सीडीवाल्यांनी पुसला तो तंबोऱ्याचा सूर. मी मान खाली घालून बोललो म्हणजे मीही तेच केलं. जेवढं ऐकू जायचं तेवढं पुसून बोललो.

शुक्र. २ मार्च

पेंडश्यांना फोन केला. म्हटलं, रविवारी येताय का, मी नानांना सांगणार आहे.  मग म्हणाले, "इंगोले, मी नव्वद टक्के तुमच्या बाजूने आहे." मी म्हटलं उरलेले दहा घरी ठेवून या. येतो म्हणाले. खात्री नाही.

केदारलाही केला. तो म्हणाला डॉक्टरची वेळ घेऊन ठेवतो, लागली तर लागली. "थँक्स काका." मी म्हटलं अजून काही केलेलं नाही.

वायरीबद्दल चांगलं बोलायचं त्याच्याशी, कधीतरी.

रवि. ४ मार्च

पहाटे उठलो. आंघोळ, पूजा. आज जप ठीक झाला. देवाला काही मागितलं नाही. मागण्यासारखं जे होतं ते माझ्याच गळ्यात अडकलेलं आहे.

सौ. म्हणाली, "मशीन न्याल का?" मशीन टेंपोशिवाय नेता येत नाही. मग केदारला सांगितलं, तो रेकॉर्डचं एक लहान मशीन घेऊन तिथे येतोय. सौ.ने तोडी तिच्या लग्नातल्या शेल्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. म्हणाली बसमध्ये मांडीवर धरा, दांड्याला अडकवू नका.

लेबल दोनदा वाचून बघितलं. पहिली बाजू वर.

असं ठरवलंय: मी लावणार. नानांनी हात पुढे केला तरी आज मी लावणार. ते मांडीवर ठेका धरतील. आतली तोडी आणि बाहेरची तोडी आज एकच असेल, एवढं तरी. बाजू संपेल. सगळे त्यांच्याकडे बघतील.

आणि ते तोंड उघडायच्या आत मी समोर जाऊन बसणार. आज पहिला शब्द माझा. मान वर करून, एकेक अक्षर सुटं, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वरच्या जोश्यांनाही गेला तर जाऊ दे.

कुठला शब्द, ते अजून ठरलेलं नाही. धायरीहून बस लवकर मिळाली तर स्वारगेट यायला फार वेळ लागत नाही. तिथून पुढे चालत जाईन.